लदीप सापडला, अमिरुन्निसा नाही

कारंजा लाडच्या त्या जुन्या शाळेत हरीओमबाबू बावीस वर्षांपासून लिपिक होते. इतक्या वर्षांत त्यांनी 'नाही' हा शब्द एवढ्या वेळा उच्चारला होता, की तो बाहेर पडताना त्यांच्या जिभेला काही कष्टच पडत नसत. त्या गुरुवारीही तो तसाच अलगद पडला. ऑफिसच्या खिडकीबाहेर अमिरुन्निसा उभी होती आणि तिच्या शेजारी तिच्या भावाची मुलगी यूसरा. यूसरा वाशिमहून सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती, आणि बस लागल्यामुळे तिचा चेहरा अजून उतरलेलाच होता.

अमिरुन्निसाचं वय सत्तेचाळीस. बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान, तीन मशिनी, आणि तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली चाळीसच्या वर. गेल्या वर्षी गावात मुलींसाठी शिवणकामाचं सरकारी प्रशिक्षण केंद्र निघालं, तेव्हा शिकवायला तीच असणार हे सगळे धरूनच चालले होते. मग नियम कळला, की शिकवणारी दहावी पास पाहिजे. ती जागा मिळाली तिच्याकडेच काजं करायला शिकलेल्या एका मुलीला. अमिरुन्निसाने त्या मुलीच्या तोंडात पेढा भरवला, घरी आली आणि भावाला म्हणाली, मी दहावीला बसते. भावाला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. होती ती रागाच्या भरातच. पण हा राग दोन दिवसांत उतरणारा नव्हता.

बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शेवटच्या शाळेचा टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जोडावा लागतो. तिचा मूळ दाखला कुठल्या कुठे गेला होता, म्हणून तिला त्याची दुसरी प्रत हवी होती. फॉर्म द्यायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. म्हणून तर यूसरा कॉलेज बुडवून आली होती.

या शाळेत अमिरुन्निसा सातवीपर्यंत शिकली. सातवीला वर्गात दुसरी आली, आणि त्याच उन्हाळ्यात, पोरगी मोठी झाली म्हणून, तिच्या वडिलांनी तिचं नाव काढलं. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी शाळेची जुनी रजिस्टरं स्कॅन झाली होती. एकेका विद्यार्थ्याच्या नोंदीची एकेक फाइल, फाइलला त्याचं नाव आणि शेवटी रजिस्टरचा नंबर. मूळ पानं हात लावला की तुटत होती, म्हणून ती फडक्यात बांधून संस्थेच्या परगावच्या कचेरीत नेऊन ठेवलेली. आता जे काही होतं ते कॉम्प्युटरमध्ये होतं. आणि अमिरुन्निसा नावाची मुलगी या शाळेत कधी शिकलीच नाही, असं कॉम्प्युटरचं म्हणणं होतं.

"आपा, मी कुठी म्हणतो तुमी खोट्या?" हरीओमबाबू म्हणाले. "पण कॉम्प्युटर नाई म्हणते. तुमचं नाव उर्दू शाळेत असन, तिथी पाहा."

घरात फुप्पी, म्हणजे यूसराची ही आत्या, उर्दू बोलायची. रागावली की मात्र तिची वऱ्हाडी सुटायची, आणि वऱ्हाडी सुटली की समोरच्याची खैर नाही हे यूसराला लहानपणापासून ठाऊक होतं.

"उर्दू शाळेत कायले पाहू? जिथी शिकली तिथीच पाहीन ना."

हरीओमबाबूंनी खणातून एक छापील कागद काढला. असले कागद त्यांच्याकडे गठ्ठ्याने होते. 'सदर नावाची नोंद आढळून येत नाही', खाली शाळेचा शिक्का. हा कागद घ्या, त्यांनी समजावलं, तहसीलला जाऊन शपथपत्र करा की मी कधी शाळेत गेलेली नाही, म्हणजे बाकीची कामं तरी अडणार नाहीत. आणि या वयात दहावी घेऊन करायचं तरी काय, असंही ते बोलून गेले. वाईट मनाने नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि हेच जास्त संतापजनक होतं.

अमिरुन्निसाने तो कागद वाचला. सावकाश, एकेक शब्द. मग खिडकीतून परत आत सरकवला.

"हा कागद मी घेत नाई. मी अडाणी आहो असं मीच लिहून देऊ?"

ती दाराने वळसा घालून ऑफिसात आली आणि भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली. पाच वाजेपर्यंत मी इथून हलत नाही, एवढंच तिने सांगितलं. हरीओमबाबूंनी आयुष्यात ओरडणारे पाहिले होते, रडणारे पाहिले होते. नुसतं बसून राहणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

यूसराही आत आली. टेबलावरच्या पडद्याकडे तिचं लक्ष खिडकीबाहेर असल्यापासूनच होतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. नाव टाकायचं, दोन्ही बाजूंना ताऱ्याचं चिन्ह द्यायचं, की जुळणाऱ्या फाइलींची नावं खाली येतात. तिला आतून ओळख पटली. हा सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम असणार, कारण अगदी असाच एक तिने गेल्या सत्रात डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला लिहिला होता. ताऱ्याच्या जागी काहीही चालतं: एक अक्षर, दहा अक्षरं, काहीच नसलं तरी चालतं. प्रश्नचिन्हाच्या जागी मात्र एकच अक्षर. त्यांच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, की तारा म्हणजे लग्नाची पंगत, कोणालाच उठवत नाही.

तिला वाटलं, गोम स्पेलिंगची असणार. फुप्पीचं नाव लिहिताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. रेशनकार्डावर ती अमीरूनिसा होती, आधारवर अमिरुनिस्सा, आणि लाइटबिलावर तर सरळ आमिरखान निसार. यूसराने हरीओमबाबूंना विनंती केली, की पूर्ण नाव टाकू नका. नुसतं म, र, न, स टाका, आणि प्रत्येकाच्या आगेमागे तारा द्या. मग वेलांटी पहिली असो की दुसरी, ही चार अक्षरं या क्रमाने ज्या नावात असतील ते प्रत्येक नाव येईल. हरीओमबाबूंनी नाखुशीने टाकलं. मधुकर नारायण सरोदे आले. इम्रान सत्तार आला. आणखी सहा-सात जण आले, सगळे पुरुष. अमिरुन्निसा नाही ती नाहीच.

"झालं समाधान?" हरीओमबाबूंनी विचारलं.

झालं नव्हतं. पण एक क्षणभर, एकच क्षण, यूसराच्या मनात आलं, की फुप्पीचीच तर काही चूक होत नसेल? दुसरी शाळा, दुसरं नाव? तिने बाकाकडे पाहिलं. फुप्पी ताठ बसून समोर बघत होती. यूसराला स्वतःची लाज वाटली. घरच्याच पोरीने मशिनीवर विश्वास ठेवून बाईवर ठेवायचा नाही, म्हणजे हरीओमबाबूंनी काय वेगळं केलं? तिने मला जरा बसू द्या, असं विचारून पाहिलं. बाहेरच्या माणसाला शाळेच्या कॉम्प्युटरला हात लावता येत नाही, असं उत्तर आलं.

तोवर अमिरुन्निसाने फोन लावला होता. दहा मिनिटांत राजमती हजर झाली. कापडबाजारातल्या जिनदासभाऊंची ही बायको. दुकानाचा गल्ला तीच सांभाळायची आणि गिऱ्हाइकाला तीच सांभाळायची. अमिरुन्निसाची वर्गातली मैत्रीण. तिला पाहिल्यावर हरीओमबाबू उठून उभे राहिले आणि आपल्या शेजारची गादीची खुर्ची त्यांनी पुढे केली. राजमतीने खुर्चीकडे पाहिलं, बाकावरच्या अमिरुन्निसाकडे पाहिलं, आणि जाऊन बाकावर बसली.

आम्ही दोघी पहिलीपासून सातवीपर्यंत एका बाकावर बसलो, हे मी सही करून देते, असं तिने सांगितलं. साक्ष म्हणजे नोंद नव्हे, हरीओमबाबू म्हणाले. नियम नियम असतो. मग राजमती म्हणाली की ठीक, माझा दाखला काढा, माझ्या नावाच्या मागेपुढेच हिचं असेल. हरीओमबाबूंनी आनंदाने तिचं माहेरचं नाव टाकलं. पडदा कोरा. त्यांनी आडनाव काढून नुसतं राजमती टाकलं, दोन्हीकडे तारे देऊन. पडदा कोरा.

"हरीओमभाऊ," राजमती म्हणाली, "म्हंजे मीबी शिकली नाई काय?"

हरीओमबाबू गडबडले. कॉम्प्युटर गरम झाला असेल, लाइट कमीजास्त होते, असं काहीबाही बोलले. उर्दू शाळेत बघा, असं मात्र त्यांनी राजमतीला सांगितलं नाही. ते अमिरुन्निसाच्या ध्यानात आलं, राजमतीच्याही आलं, आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. ते हसणं हरीओमबाबूंना चांगलंच झोंबलं.

यूसरा भिंतीकडे बघत होती. भिंतीवर हिरवा लाकडी फलक होता, त्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं. मधल्या ओळीत नाव होतं कु. रूपा, आणि त्यापुढे हरीओमबाबूंचंच आडनाव. त्यांची थोरली बहीण. जिल्ह्यात पहिली आली होती. आता अनसिंगला शिक्षिका होती, आणि हरीओमबाबू येणाऱ्या-जाणाऱ्याला हा फलक दाखवल्याशिवाय सोडत नसत, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

"बाबू," यूसरा म्हणाली, "रूपाताईंचं नाव टाका."

त्यांनी टाकलं. दीर्घ रू देऊन टाकलं. मग ऱ्हस्व रु देऊन टाकलं. मग आडनाव टाकलं, तर त्यांचं स्वतःचं नाव आलं, त्यांच्या दोन्ही भावांची आली, एका चुलत्याचंही आलं. रूपाचं नाही. त्यांनी फलकाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फलकाकडे पाहिलं. जिच्या बुद्धीवर त्यांनी आयुष्यभर मिरवलं ती बहीण त्यांच्याच टेबलावर अडाणी ठरली होती. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग खुर्चीवरून उठले.

"बस वं पोरी," ते म्हणाले. "पाह्य काय हाये ते."

यूसरा बसली. तिने सगळी अक्षरं पुसली आणि नुसता एक तारा टाकला. म्हणजे पंगतीला सगळे या. नावांची लांबच लांब यादी आली. ती हळूहळू खाली सरकवत वाचू लागली. प्रत्येक नावाच्या शेवटी रजिस्टरचा नंबर होता. तिने पाचशेनंतरचे नंबर कागदावर उतरवले तर त्यात भोकं होती. पाचशे एक, दोन, चार, सात. पाचशे तीन कुठे गेला? पाच आणि सहा कुठे गेले? आणि जे होते ते सगळे मुलगे. एकही मुलगी नाही, एका वर्षातली नाही, कुठल्याच वर्षातली नाही. राजमती तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती.

मग यादी 'ल'वर आली, आणि यूसरा थांबली.

"बाबू, हा लदीप कोण?"

"तो? तो कुलदीप. टायपिंगवाल्याची चूक. आला होता टीसीले. नावावरून सापडे ना, त मी आडनावावरून काढून देला."

म्हणजे लदीप झालेला कुलदीपसुद्धा दाखला घेऊन गेला होता. यूसरा पुन्हा वर गेली. 'ण'मध्ये एक णाल होता, तो कुणाल असणार. 'ब'मध्ये एक बेर होता. कुबेर, हरीओमबाबू म्हणाले, तीही टायपिंगचीच चूक. यूसराने मान हलवली. टायपिंगवाला चुकतो तेव्हा कधी इथे चुकतो, कधी तिथे चुकतो. तीन वेगळ्या मुलांच्या नावात तो दरवेळी 'कु'च खातो, असं होत नाही. 'कु' कोणीतरी ठरवून काढलेला होता.

ती खुर्चीतल्या खुर्चीत फलकाकडे वळली. कु. रूपा. कु. कृतिका. त्या भिंतीवर एकही मुलगी नुसत्या नावाने उभी नव्हती. आपल्याकडे शाळेत मुलगा असतो तो सरळ त्याच्या नावाचा. मुलगी मात्र आधी कुमारी, आणि मग जी कोण असेल ती.

तिने विचारल्यावर हरीओमबाबूंना हळूहळू आठवलं. स्कॅनिंग झालं तेव्हा ऑपरेटरांनी रजिस्टरात होतं तसं टाइप केलं होतं, 'कु.'सकट. त्यामुळे यादीत सगळ्या मुली 'क'मध्ये जाऊन बसल्या. मुख्याध्यापकांना ते बघवेना. त्यांचा भाचा उत्कर्ष पुण्याला इंजिनियर. हा शोधायचा प्रोग्रामही त्यानेच बसवून दिला होता. तो दिवाळीला आला असता त्याने तासाभरात काहीतरी केलं, आणि ज्या नावाच्या सुरुवातीला 'कु' दिसेल त्याचा 'कु' उडवून टाकला. यादी नीटनेटकी झाली. 'क'मधल्या मुली गेल्या. त्या कुठे गेल्या, हे कोणी विचारलं नाही.

"'कु' काढला," यूसरा स्वतःशीच म्हणाली. "अन् टिंब?"

टिंब तसंच राहिलं होतं. उत्कर्षने अक्षर उडवलं आणि त्याच्या पुढचं टिंब तो विसरला. आता प्रत्येक मुलीचं नाव टिंबाने सुरू होत होतं. आणि ज्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं तिला हा कॉम्प्युटर लपवलेली फाइल समजतो, यादीत दाखवतच नाही. सगळ्यांना वाढणारा ताराही तिला वाढत नाही. टिंब आपण स्वतः लिहिलं तरच ती दिसते. यूसराला हे माहीत होतं, कारण परीक्षेत यावर एका मार्काचा प्रश्न आला होता आणि तो तिने चुकवला होता.

तिने तारा पुसला. आधी टिंब दिलं, मग तारा, आणि बटण दाबलं.

पडदा पळत सुटला. नावं वर जात होती आणि खालून नवी येत होती, थांबायचं नाव नाही. देवला, सोजर, खुशबू, कृतिका, राजमती, रूपा. शेजारच्या खोलीतल्या दोन शिक्षिका आवाज ऐकून आल्या, कारण राजमती मोठ्याने नावं वाचायला लागली होती. ही आमच्या गल्लीतली, हिचं लग्न मेहकरला झालं, ही गेली बिचारी. शेवटी आकडा आला: एक हजार एकशे बेचाळीस. एवढ्या मुली दोन वर्षं एका टिंबाआड उभ्या होत्या, आणि त्यांच्यापैकी जी कोणी आपला कागद मागायला आली तिला ह्या ऑफिसने परत पाठवलं होतं.

यूसराने टिंबानंतर फुप्पीचं नाव टाकलं. फाइल उघडली. पिवळट पानाचं चित्र, निळ्या शाईची तिरपी अक्षरं. कु. अमिरुन्निसा शे. तय्यब. वेलांटी, जोडाक्षर, सगळं जिथल्या तिथे. लिहिणाऱ्या गुरुजींनी एक काना चुकवलेला नव्हता.

अमिरुन्निसा बाकावरून उठून आली. तिने पडद्यावर बोट ठेवून आपलं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, वडिलांचं नाव वाचलं. डोळे भरून आले तसे तिने ओढणीने पुसले, आणि कोणी आपल्याकडे बघतंय का याची तिने पर्वा केली नाही.

हरीओमबाबूंनी उत्कर्षला फोन लावला. तो म्हणाला की किरकोळ गोष्ट आहे, रविवारी सवड झाली की बघतो. पण प्रोग्राम त्याच कॉम्प्युटरवर होता आणि यूसराने तो उघडलाच होता. नाव जुळवणाऱ्या ओळीत एक शब्द जास्तीचा होता. तो दिला की तारा टिंबाला हात लावत नाही. इंग्रजीत टिंबाला पिरियड म्हणतात, बाईच्या पाळीलाही तेच, आणि त्या शब्दाच्या शेवटी तेच लिहिलं होतं. यूसराला एकटीलाच हसू फुटलं. मग फुप्पीच्या कानात तिने ते सांगितलं, आणि फुप्पीलाही फुटलं. पोरगी मोठी झाली म्हणून हिला शाळेतून काढलं, आणि चौतीस वर्षांनी कॉम्प्युटरनेही काढलं ते त्याच नावाखाली.

यूसराने तो शब्द पुसायला घेतला तसे हरीओमबाबू म्हणाले, "थांब, साहेबाले विचारा लागन."

"विचारा ना," राजमती म्हणाली. "तोवर पोरगी करते."

मुख्याध्यापकसाहेब दौऱ्यावर होते. ते सापडेपर्यंत शब्द पुसला गेला होता, प्रोग्राम पुन्हा बांधला गेला होता, आणि नुसता तारा टाकला की कुलदीप, अमिरुन्निसा, मधुकर, रूपा सगळे एका पंगतीत येत होते. लदीपचा 'कु'ही तिने जाता जाता त्याला परत दिला.

तीन वाजून गेले होते. हरीओमबाबूंनी दाखल्याचं कोरं पुस्तक काढलं. पण लिहायच्या आधी त्यांनी कपाटातून एक फाइल आणली आणि टेबलावर ठेवली. 'नोंद आढळून येत नाही' या पत्रांच्या प्रती. मोजल्या तर तेवीस निघाल्या. एक किन्हीराजाहून आलेल्या बाईची होती, तीन हेलपाटे मारून गेलेली. तेवीसच्या तेवीस बायका. इतके दिवस मी सह्या घेत होतो आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांनी ते कोणाच्याही नजरेला नजर न देता म्हटलं. आपण आज तुमचं काम करून घेऊ, यांचं सावकाश पाहू, असंही त्यांनी जोडलं.

"सावकाश नाई," अमिरुन्निसा म्हणाली. "माह्यं लिहिता लिहिता या पोरीले पत्ते द्या. ती चिठ्ठ्या लिहीन, तुमी शिक्के मारजा."

मग तसंच झालं. यूसरा आणि राजमती चिठ्ठ्या लिहीत बसल्या: तुमची नोंद सापडली आहे, चूक शाळेची होती. 'चूक शाळेची होती' हे वाक्य हरीओमबाबूंना गाळायचं होतं. राजमतीने ते दोनदा लिहिलं.

इकडे ते स्कॅन बघून दाखला भरत होते आणि प्रत्येक रकाना वाचून दाखवत होते. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याची तारीख. शाळा सोडण्याचे कारण.

"स्वखुशीने," त्यांनी वाचलं.

"थांबा," अमिरुन्निसा म्हणाली. "कोणाच्या खुशीनं?"

ती पडद्याजवळ आली. त्या सुबक निळ्या अक्षरात, ज्या हाताने तिचं नाव इतकं अचूक लिहिलं होतं त्याच हाताने लिहिलं होतं: स्वखुशीने. त्या दिवशी ती या ऑफिसच्या दारात उभी होती, तेरा वर्षांची. तिने वडिलांचा हात धरून विनवण्या केल्या होत्या, आणि गुरुजींनी ते पाहिलं होतं. पाहून हे लिहिलं होतं.

"रजिस्टरात हाये तसंच उतरवा लागते, आपा," हरीओमबाबू हळू आवाजात म्हणाले. "एक मात्रा बदलली त दाखला बाद होईन."

या वेळी ते खरं बोलत होते. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फुप्पीला यूसरा ओळखत होती. सकाळी तिने खोटा कागद परत केला होता. आता हाही परत केला तर फॉर्म गेला, वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उठायची जिद्द कोणी बघितली आहे? घे ना फुप्पी, ती म्हणाली, पाच वाजतील.

अमिरुन्निसाने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहा. जसं हाये तसं लिहा."

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली. दाखला तिच्या हातात दिला आणि पोचपावतीचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. 'दाखला मिळाला' असं छापलेलं, पुढे सहीपुरती रिकामी जागा. तिने पेन घेतलं. सही करायला एवढा वेळ का लागतोय म्हणून हरीओमबाबू वाकून बघायला लागले. ती लिहीत होती. गोल, सुटं, सातवीच्या वर्गातलं अक्षर, सहीची जागा ओलांडून समासात गेलेलं: दाखला मिळाला. शाळा मी स्वखुशीने सोडली नव्हती. मला काढलं होतं. खाली पूर्ण नाव, अमिरुन्निसा, एकही अक्षर न गाळता.

"आपा, हे शाळेचं रजिस्टर हाये," हरीओमबाबू म्हणाले. "याच्यात असं लिहिता येत नाई."

दहावीचे फॉर्म घेणारी शाळा दोन गल्ल्या सोडून होती आणि पाच वाजायला अजून अर्धा तास होता. अमिरुन्निसाने पेनला टोपण लावलं आणि दाखला घडी न घालता यूसराच्या वहीत ठेवला.

"लिहिता आलं ना," ती म्हणाली. "आता हेबी स्कॅन करजा."